सहा इंची फिगर महाग का होत गेली: कॉस्टिंगच्या टेबलावरून उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "२०१३ साली हॅसब्रो कंपनीच्या ब्लॅक सिरीज या मालिकेतली सहा इंची स्टार वॉर्स फिगर, म्हणजे हातपाय वळवता येणारी सिनेमातल्या पात्राची छोटी प्रतिकृती, अमेरिकेत वीस डॉलरला मिळायची, आता पंचवीसच्या खाली मिळत नाही. आपल्याकडे तर तीच फिगर साडेतीन-चार हजारांवर गेलीय. मूठभर प्लॅस्टिक, थोडा रंग आणि एक खोका, मग पैसे जातात कुठे? कंपन्या लुटतायत का? आणि किमती कधी उतरतील का?"

मी साच्यांच्या कामातून या धंद्यात आले. आधी भोसरीतली टूल रूम, पुढे खेळण्यांचं कॉस्टिंग. शिल्पकाराने घडवलेला नमुना टेबलावर आला की तो किती पार्टमध्ये फोडायचा, कुठला पार्ट कुठल्या मटेरियलमध्ये ओतायचा, रंगाचे हात किती द्यायचे आणि शेवटी नग कितीला पडणार, हे मांडायचं काम. या कामात एक गोष्ट पक्की कळते. फिगर महाग होते ती मुख्यतः नग कमी निघतात म्हणून. मजुरी, रॉयल्टी, भाडं, ड्युटी ही सगळी कारणं खरी आहेत, पण ती या एका कारणाच्या डोक्यावर चढत जातात.

आधी प्लॅस्टिकचा विषय संपवून टाकते, कारण सगळ्यांचा संशय तिथेच असतो. सहा इंची फिगरचं वजन साधारण शंभर ग्रॅमच्या आत असतं. त्यात एबीएस हे टणक प्लॅस्टिक, मऊ पीव्हीसी आणि सांध्यांसाठी चिवट अ‍ॅसिटल. सगळं मिळून कच्चा माल वीस-पंचवीस सेंटचा. कच्चं तेल भडकून हा खर्च दुप्पट झाला तरी दुकानातल्या किमतीत एखाद्या डॉलरचा फरक पडेल. मोठ्या बाहुल्यांचं गणित वेगळं होतं. १९६४ साली आलेला जी. आय. जो हा खेळण्यातला सैनिक बारा इंची होता. १९७३ च्या तेलसंकटानंतर एवढ्या आकाराचं प्लॅस्टिक परवडेनासं झालं आणि १९७६ च्या सुमारास तो अमेरिकेत बंद पडला. १९८२ मध्ये परत आला तो पावणेचार इंचांचा होऊन. तो आकार केनर कंपनीने १९७८ मध्ये स्टार वॉर्सच्या फिगर्सनी रूढ केला होता. फिगर लहान असली की तिच्या मापाचं विमानही मुलांच्या आईबापांना परवडेल असं करता येतं. पण आजच्या सहा इंची फिगरमध्ये प्लॅस्टिकचं वजन हा दुय्यम मुद्दा आहे.

खरा खर्च पोलादात आहे. एखादी मोडकी फिगर सांध्या-सांध्यातून सुटी करून पाहा. डोकं, वेगळे केस, छातीचा पुढचा आणि मागचा भाग, पोट, कंबर, दंड, कोपर, हात, मनगट, तळवे, मांड्या, गुडघे, पोटऱ्या, पावलं. वर पट्टा, हत्यारं, कधी मऊ झगा. पंचवीस-तीस पार्ट सहज निघतात, आणि डावा-उजवा वेगळा असल्यामुळे एकाचा साचा दुसऱ्याला चालत नाही. प्रत्येक पार्टसाठी पोलादाच्या ठोकळ्यात एक कॅव्हिटी, म्हणजे त्या पार्टच्या आकाराची पोकळी, कोरावी लागते. आधी सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर, मिलिंग, मग जिथे कटर पोचत नाही तिथे तांब्याचे इलेक्ट्रोड करून स्पार्क मशीनवर, आणि शेवटी हाताने पॉलिश.

डोक्याचंच बघा. साचा दोन अर्ध्यांत उघडतो, आणि ते अर्धे जिथे मिटतात तिथे पार्टवर रेघ उठते. ती रेघ चेहऱ्यावरून गेली तर फिगर गेली. म्हणून ती कानामागून, केसांच्या कडेखालून न्यायची. नाकपुडी, ओठाखालचा खळगा, हनुवटीची सावली अशा जागी प्लॅस्टिक पोलादात अडकतं. म्हणून डोकं मऊ पीव्हीसीचं करतात, म्हणजे गरम असताना ते थोडं दबून साच्यातून निसटतं. कोपराचं उलटं. तिथे सांधा सैल झाला तर तलवार धरलेला हात खाली गळतो, घट्ट झाला तर पहिल्याच पिळाला मोडतो. तिथला फरक मिलिमीटरच्या काही शतांशांचा असतो. पहिल्या ट्रायलला हे कधीच जमत नाही. पोलाद थोडं कापायचं, परत शॉट मारायचे, म्हणजे साच्यात प्लॅस्टिक भरून पार्ट काढायचे, परत जोडून बघायचं. गेल्या काही वर्षांत हॅसब्रोने कोपर-गुडघ्यातल्या बाहेरून दिसणाऱ्या पिना काढून टाकल्या. दिसायला सुंदर, पण ते जमवण्यासाठी टूल रूमला साच्याचा आणि जुळणीचा नव्याने विचार करावा लागला.

अशा पूर्ण नव्या फिगरचा साच्यांचा सगळा खर्च साधारण साठ हजार ते एक लाख डॉलरच्या घरात जातो. हा खर्च पहिला नग निघायच्या आधीच झालेला असतो. लग्नाच्या कार्यालयाचं भाडं पन्नास पानं उठली काय आणि पाचशे उठली काय, तेवढंच राहतं, तसं हे आहे. एक लाख डॉलर दोन लाख नगांवर वाटले तर नगामागे पन्नास सेंट. वीस हजार नगांवर वाटले तर पाच डॉलर. तेच प्लॅस्टिक, तेच मशीन, तोच कामगार, पण कारखान्यातून निघताना नग साडेचार डॉलरने महाग झालेला असतो.

हे माझं टेबलावरचं गणित आहे असं वाटत असेल तर हॅसलॅब बघा. हॅसब्रो तिथे उघड सांगते की इतक्या लोकांनी आगाऊ मागणी नोंदवली तरच वस्तू बनेल. २०१८ ची जब्बाची सेल बार्ज, म्हणजे स्टार वॉर्समधलं मोठं जहाज, ४९९.९९ डॉलरला होती, किमान ५,००० ग्राहक हवे होते, ८,८१० आले आणि ती बनली. २०२१ मध्ये रँकर या स्टार वॉर्समधल्या राक्षसी प्राण्यासाठी ९,००० ग्राहक हवे होते, ते भरले नाहीत आणि रँकर बनलाच नाही. लोकांना तो नको होता असं नव्हे. हजारोंनी नाव नोंदवलं होतं. साच्याचा भाग जेवढ्या डोक्यांवर पसरायला हवा तेवढी डोकी नव्हती. दुकानात टांगलेल्या प्रत्येक फिगरमागे हेच "किमान किती" असतं, फक्त ते गिऱ्हाइकाला दाखवत नाहीत.

मग नग कमी का झाले? १९७८ मध्ये केनरने एका वर्षात चार कोटींहून जास्त स्टार वॉर्स फिगर्स विकल्या. गिऱ्हाईक मुलं होती आणि पात्रं मोजकी होती. मुलांना सांधे किती याची फिकीर नव्हती. मान, दोन हात, दोन पाय, झालं. आज मुलांचा वेळ पडद्यावर जातो आणि सहा इंची फिगर घेणारा बहुतेक वेळा तीस-चाळिशीतला माणूस असतो. तो एकच फिगर घेतो, तिला हात लावू देत नाही, आणि त्याला आपल्या आवडीचं नेमकं पात्र हवं असतं, तेही नेमक्या प्रसंगातल्या नेमक्या पोशाखात. त्यामुळे कंपनीला वर्षाला डझनावारी पात्रं काढावी लागतात आणि प्रत्येकाचे नग मोजके. त्यात अमेरिकेत टॉइज 'आर' अस हे खेळण्यांचं साखळी दुकान कोसळलं. २०१७ च्या सप्टेंबरात दिवाळखोरीचा अर्ज, २०१८ मध्ये दुकानं बंद. हे दुकान खेळण्यांच्या भिंतीच्या भिंती लावायचं, म्हणजे नव्या फिगरची पहिली ऑर्डरच मोठी असायची. वॉलमार्ट आणि टार्गेटमध्ये तेवढी जागा नाही. जिथून मोठा आकडा यायचा ती जागाच गेली.

म्हणूनच एकच अंग दहा पात्रांना वापरतात. धंद्यात त्याला बक म्हणतात: एक छाती-हात-पाय बनवून ठेवायचे आणि त्यावर नवं डोकं, नवा पट्टा, नवा रंग. संग्राहक यावर नाराज असतात. मी मनापासून बकच्या बाजूने आहे. बकमुळेच विकली जायची खात्री नसलेली दुय्यम पात्रं बनू शकतात. नाहीतर कुठल्याही मालिकेत फक्त तीन मुख्य पात्रं निघतील आणि तीच परत परत येतील.

रंगाचा भाग लोक सगळ्यात कमी लेखतात. साचा एकदा बनतो, पण रंग प्रत्येक नगावर परत द्यावा लागतो. डोळ्यांचं पांढरं, बुबुळ, भुवया, ओठ, हे टॅम्पोने छापतात. कोरलेल्या पट्टीवर शाई भरायची, सिलिकॉनच्या मऊ पॅडने उचलायची आणि गालाच्या गोलाईवर दाबायची. प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा. बुबुळ अर्धा मिलिमीटर सरकलं तर फिगर तिरळी दिसते. मोठे भाग स्प्रेने, त्यासाठी धातूचा मास्क लागतो आणि तो सतत पुसावा लागतो. बारीक कडा हाताने, ब्रशने. प्रत्येक हाताला पैसे पडतात, म्हणून कॉस्टिंगमध्ये पहिली कात्री नेहमी रंगाला लागते. पुढून रंगवलेला पट्टा पाठीमागे कोराच दिसला की समजायचं, कुणीतरी टेबलावर दोन हात वाचवलेत. २०१७ पासून हॅसब्रोने चेहऱ्यासाठी फोटो रिअल नावाची डिजिटल छपाई आणली. फोटोसारखे बारीक ठिपके थेट डोक्यावर छापायचे. चेहऱ्यांमध्ये पडलेला फरक २०१३ ची आणि आजची फिगर शेजारी ठेवली की लगेच दिसतो. माझ्या मते गेल्या पंधरा वर्षांत गिऱ्हाइकाला पैशाच्या बदल्यात मिळालेली ही सगळ्यात मोठी सुधारणा आहे.

आणि हे हात ज्यांचे आहेत त्यांची मजुरी वाढली. ती वाढायलाच हवी होती. शेनझेनचं किमान मासिक वेतन २०१० मध्ये १,१०० युआन होतं, २०१५ मध्ये २,०३० झालं, २०२२ मध्ये २,३६०. तिथली तरुण मुलं आता रंगाच्या लाइनवर बसायला तयार नसतात, म्हणून काम व्हिएतनामला, इंडोनेशियाला, थोडं भारतातही सरकलं. पण साधी मोल्डिंग हलवणं सोपं, रंगाची लाइन हलवणं अवघड. सफाईने टॅम्पो मारणारी माणसं एका हंगामात तयार होत नाहीत. नव्या कारखान्यात सुरुवातीला जेवढा माल रिजेक्ट होतो त्याचाही भार चांगल्या नगांवर येतो.

याच्या अगदी उलट उदाहरण हवं तर मॅटेल कंपनीची हॉट व्हील्सची साधी खेळण्यातली गाडी घ्या. १९६८ मध्ये पहिल्या सोळा गाड्या आल्या तेव्हा त्या डॉलरच्या आतबाहेर मिळायच्या. १९६८ चा एक डॉलर म्हणजे आजचे सुमारे नऊ डॉलर. आणि आज अमेरिकेत ती गाडी सव्वा डॉलरच्या आसपास मिळते. म्हणजे ती खऱ्या अर्थाने कित्येक पट स्वस्त झाली! कारण मॅटेल वर्षाला पन्नास कोटींहून जास्त गाड्या काढते. पार्ट मोजके: बॉडी, बेस, काच, आतली सीट, चाकं. बॉडी आणि बेसमधला एक भाग धातूचा ठेवला की दुसरा प्लॅस्टिकचा करून पैसे वाचतात. एक कास्टिंग, म्हणजे एकाच साच्यातली गाडी, वर्षानुवर्षं नव्या रंगात परत येतं. टॅम्पो कुठे किती मारायचे ते मोजून ठरतं, म्हणून बऱ्याच साध्या गाड्यांना पुढचे दिवे रंगवलेलेच नसतात. त्याच मॅटेलची प्रीमियम गाडी घ्या. रबरी टायर, धातूची बॉडी आणि धातूचाच बेस, पुढचे-मागचे दिवे रंगवलेले, आणि नग कमी. किंमत सहा-सात डॉलर. दोन्ही गाड्या तळहातावर ठेवल्या की महागाई नेमकी कुठून येते ते दिसतं.

आता परवाना. स्टार वॉर्स, मार्व्हल यांची पात्रं फुकट वापरता येत नाहीत. रॉयल्टी घाऊक किमतीच्या टक्केवारीत द्यायची असते, आणि मोठ्या नावांसाठी ती पंधरा टक्क्यांच्या वरही जाते. शिवाय किमान हमी असते: माल विकला जावो न जावो, एवढे पैसे द्यायचेच. २०१३ मध्ये हॅसब्रोने डिस्नेशी करार वाढवला तेव्हा स्टार वॉर्ससाठी २२.५ कोटी डॉलरपर्यंत आणि मार्व्हलसाठी ८ कोटी डॉलरच्या हमीची तरतूद होती. सिनेमा आपटला तरी हमी आपटत नाही, आणि ती वसूल करायची असते विकल्या गेलेल्या नगांतूनच.

साखळीतली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. कारखान्यातून नग पाच-सहा डॉलरला निघाला की दुकानात तो वीस-पंचवीसला लागतो. साधारण चारपट. मधे रॉयल्टी, कंपनीचा पगार-पसारा, चाचण्या, जहाज, गोदाम, आणि दुकानदाराचं चाळीस-पन्नास टक्के मार्जिन. यातलं बरंचसं टक्केवारीने लागतं. त्यामुळे कारखान्यात एक डॉलर वाढला तर दुकानात तीन-चार डॉलर वाढतात. म्हणून डिझाइनर फिगरसोबत बदलायला "फक्त एक जास्तीचा हात" मागतो तेव्हा कॉस्टिंगवाला तोंड वाकडं करतो. जास्तीचा हात म्हणजे आणखी एक कॅव्हिटी, आणखी रंग, खोक्यात आणखी एक खाच.

चाचण्यांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. २००७ मध्ये शिसं असलेल्या रंगामुळे मॅटेलला लाखो खेळणी परत मागवावी लागली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कायदा कडक झाला आणि मुलांच्या खेळण्यांना स्वतंत्र प्रयोगशाळेची चाचणी सक्तीची झाली. हा खर्च करायलाच हवा. फक्त तोही दर नगाला न लागता दर डिझाइनला लागतो, म्हणजे परत तेच, कमी नगांवर जास्त भार.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१३ चे १९.९९ डॉलर अमेरिकेतल्या महागाईने २०२४ पर्यंत सुमारे सत्तावीस डॉलर होतात. फिगर विकली जात होती २४.९९ ला. म्हणजे अमेरिकन गिऱ्हाइकासाठी सहा इंची फिगर खऱ्या अर्थाने महाग झालेलीच नाही, उलट किंचित स्वस्त झाली, आणि चेहरा कितीतरी सुधारला. त्यांना ती महाग का वाटते? एक तर सोबतचं सामान कमी झालं. दुसरं म्हणजे कंपन्यांनी बरीच वर्षं १९.९९ हा आकडा धरून ठेवला आणि मग थोड्याच काळात तो २२.९९ आणि २४.९९ केला. हळूहळू वाढलेली किंमत कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, एकदम वाढलेली भरते. त्याच सुमाराला हॅसब्रोने खोक्याची प्लॅस्टिकची खिडकी काढली, किंमत मात्र उतरली नाही. आतली फिगर दिसेना, दुकानातच डोकी-हात बदलून टाकण्याचे प्रकार झाले, आणि २०२३ मध्ये खिडकी परत आली. पर्यावरणाची काळजी योग्यच होती, पण ज्या वस्तूत रंगाची सफाई निवडून घ्यायची असते ती बंद खोक्यात विकणं चुकीचं होतं.

२०२१ मध्ये जहाजभाड्याने कहर केला. आशियातून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चाळीस फुटी कंटेनर करोनाच्या आधी दीड-दोन हजार डॉलरला जायचा, तो वीस हजारांच्या आसपास गेला. फिगरच्या खोक्यात निम्म्याहून जास्त हवा असते, त्यामुळे खेळण्यांना हा मार इतर मालापेक्षा जास्त बसला. भाडं पुढे उतरलं, किंमत तिथेच राहिली. २०२५ मध्ये अमेरिकेने चिनी मालावर लावलेलं शुल्क एप्रिलमध्ये १४५ टक्क्यांपर्यंत गेलं आणि मे महिन्यात ३० टक्क्यांवर आलं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांतली बहुतांश चीनमध्ये बनतात, त्यामुळे त्या काही आठवड्यांत ऑर्डरी थांबल्या, लाइन उभ्या राहिल्या. पुढे शुल्क किती राहणार हे ठाऊक नसलं की कंपनी नवा साचा कापायचं धाडस करत नाही.

आता आपल्याकडचं. भारतातली वाढ ही अमेरिकेतल्या वाढीपेक्षा पूर्ण वेगळी गोष्ट आहे. सोयीसाठी धरू की २०१३ मध्ये फिगर दहा डॉलर किमतीला आयात झाली. तेव्हा डॉलर साठ रुपयांच्या आसपास, म्हणजे सहाशे रुपये. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क दहा टक्के, म्हणजे सहाशे साठ. आता तीच फिगर साडेबारा डॉलरला येते. २०२५ मध्ये डॉलर सत्त्याऐंशीच्या आसपास, म्हणजे जवळपास १,०९० रुपये. शुल्क २०१८ मध्ये वीस टक्के झालं, फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात साठ, आणि २०२३ मध्ये सत्तर. म्हणजे साधारण १,८५० रुपये. डॉलरमध्ये पाव पट वाढलेली वस्तू बंदरावरच पावणेतीन पटीहून महाग झाली. त्यावर जीएसटी, आयातदाराचं मार्जिन, दुकानदाराचं मार्जिन. साडेतीन-चार हजार तिथून येतात.

शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह सक्तीचं आहे. त्यासाठी परदेशी कारखान्याला परवाना घ्यावा लागतो, तिथली तपासणी व्हावी लागते. जो कारखाना भारतात लाखो नग पाठवणार आहे तो हा सोपस्कार करेल. जो पाचशे नग पाठवणार आहे तो नाही करणार. त्यामुळे बरीच पात्रं अधिकृत मार्गाने येतच नाहीत, आणि जी सामानातून किंवा कुरियरने येतात त्यांची किंमत आणणारा ठरवेल ती. सुरक्षिततेचा नियम मला मान्य आहे. स्वस्त, घातक खेळण्यांनी आपले बाजार भरले होते आणि त्यांना आळा बसायलाच हवा होता. पण मोठ्यांच्या कपाटात उभ्या राहणाऱ्या फिगरला सत्तर टक्के शुल्क लावून देशी खेळण्यांचा कुठलाच कारखाना वाचत नाही, कारण तसली फिगर इथे जवळपास कुणी बनवतच नाही.

एके काळी बनत होती, आणि हे आपल्या लोकांना माहीत असावं असं मला फार वाटतं. एमआरएफ आणि हॅसब्रो यांनी उभी केलेली फनस्कूल ही खेळण्यांची कंपनी १९८७ मध्ये सुरू झाली, आणि तिचा कारखाना गोव्यात होता. अमेरिकेत वापरून झालेले जी. आय. जोचे साचे भारतात यायचे आणि त्यांतून इथे नग निघायचे. साच्याचे पैसे तिकडच्या मुलांनी आधीच फेडलेले, इथे फक्त प्लॅस्टिक, रंग आणि मजुरी. म्हणून नव्वदच्या दशकात आपल्या मध्यमवर्गीय घरांत जी. आय. जो पोचू शकला. इथल्या रंगसंगती वेगळ्या असायच्या. एखाद्या पात्राचा हिरवा गणवेश इथे भलत्याच रंगात यायचा. अमेरिकेतली मूळ मालिका १९९४ मध्ये थांबली तरी भारतात माल निघतच राहिला. आज त्या फनस्कूल फिगर्स अमेरिका-युरोपातले संग्राहक शोधून शोधून घेतात, आणि कार्डावर न उघडलेला नग असेल तर चांगली किंमत देतात. पोलाद चांगलं असलं की साचा लाखो शॉट टिकतो. स्वस्त खेळण्याचा यापेक्षा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही: कुणीतरी आधीच फेडलेला साचा.

"कंपन्या लुटतायत का?" याचं उत्तर कंपनीगणिक बदलतं. टोकदार दातांची, केसाळ अंगाची लबुबू बाहुली विकणाऱ्या पॉप मार्ट या चिनी कंपनीचं ढोबळ मार्जिन २०२४ मध्ये ६६.८ टक्के होतं आणि २०२५ च्या पहिल्या सहामाहीत सत्तरच्या वर गेलं. तिथे किंमत खर्चाने ठरत नाही. मागणी आणि मुद्दाम राखलेला तुटवडा तिथे किंमत ठरवतात. खोक्यात कुठली बाहुली आहे ते कळू न देण्याची पद्धत तर त्याच हिशोबाने रचलेली आहे. जून २०२५ मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाएवढी लबुबू १०.८ लाख युआनला गेली. असल्या किमतींवरून साध्या फिगरच्या किमतीचा अंदाज बांधू नका. सहा इंची परवानाधारक फिगरमध्ये मी पाहिलेले कॉस्ट शीट एवढे घट्ट असतात की अर्ध्या सेंटसाठी पट्ट्याचं बक्कल रंगवायचं की नाही यावर बैठका होतात.

किमती उतरतील का? सहा इंचीच्या उतरणार नाहीत. मोठ्या आकड्याने घेणारी मुलं परत आली तरच नग वाढतील, आणि त्याची चिन्हं मला दिसत नाहीत. मात्र जुने साचे परत वापरणाऱ्या मालिका तुलनेने परवडतील. मॅकफार्लेन या अमेरिकन कंपनीने २०२० मध्ये डीसी कॉमिक्सच्या पात्रांच्या सात इंची फिगर्स १९.९९ ला आणल्या आणि हॅसब्रोची सहा इंची २४.९९ ला गेल्यावरही तो भाव धरून ठेवला. एकच अंग अनेक पोशाखांत फिरवणं हे त्यामागचं एक मोठं कारण.

घेताना मी काय बघते ते सांगते. नवी फिगर जाहीर झाली की आधी अंग ओळखते. जुन्या बकवर नवं डोकं असेल तर घाई करत नाही. असा माल कंपनीला पुन्हा काढणं स्वस्त पडतं, म्हणून तो बहुतेक परत येतो किंवा सेलला लागतो. पूर्ण नवे साचे असलेलं दुय्यम पात्र असेल तर मात्र लगेच घ्या. त्याचा दुसरा रन निघेलच असं नाही, आणि एकदा संपलं की किंमत विकणाऱ्याच्या हातात जाते. खोक्याचा हट्ट नसेल तर सुटी फिगर घ्या. मुंबई-पुण्यात संग्राहकांच्या अदलाबदलीत सुट्या नगांचा भाव बराच कमी असतो, आणि सांधे हलवून बघता येतात, तेच महत्त्वाचं. कोपर आणि घोटा आधी तपासा, कारण डुप्लिकेट माल तिथेच उघडा पडतो. त्यात अ‍ॅसिटलच्या जागी हलकं प्लॅस्टिक असतं, सांधा करकरतो, आणि दोन-चार वेळा वाकवल्यावर पांढरा पडतो.